साचा फिरलेले नाणे हातातच ओळखण्याची सोपी रीत

बेस्टच्या वाहकाकडून किंवा वाण्याकडून आलेल्या सुट्ट्या पैशांतून साचा फिरलेली नाणी, म्हणजे पाडताना एका बाजूचा साचा फिरल्यामुळे दोन्ही बाजूंचे माथे जुळत नाहीत अशी नाणी, शोधताना प्रत्येक नाणे भिंगाखाली धरत बसल्यास वेळ फार जातो, आणि हा दोष दिसायला भिंग मुळीच लागत नाही.

सिंहमुद्रा सरळ उभी दिसेल असे नाणे धरून त्याच्या वरच्या व खालच्या कडेला अंगठा आणि तर्जनी लावावी व दार उघडावे तसे ते उजवीकडून डावीकडे फिरवावे. आपल्या चलनातील नाण्यांच्या दोन्ही बाजूंचा माथा एकाच दिशेला असल्यामुळे मागचा अंकही सरळच दिसायला हवा. तो तिरका, आडवा किंवा उलटा दिसला, तर ते नाणे बाजूला काढावे. किरकोळ कल मी तरी मोजत नाही.

कोन ठरवण्यासाठी कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश आणि पुन्हा दुमडला की साडेबावीस अंश मिळतात. त्याचे टोक नाण्याच्या मध्यावर ठेवून अंकाचा माथा किती ढळला आहे ते पाहावे. नोंद करताना टांकसाळीची खूणही लिहावी: सालाखाली हिरा असल्यास मुंबई, तारा असल्यास हैदराबाद, ठिपका असल्यास नोएडा आणि काहीच नसल्यास कोलकाता.

असे नाणे चिंचेने किंवा पावडरीने घासून चकचकीत मात्र करू नये, कारण घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात.