कंपनीच्या नेटवर्कवर कोणी फिरकत नाही? या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्यात आम्ही यॅमर, म्हणजे कंपनीच्या आतलं फेसबुकसारखं नेटवर्क, सुरू केलं तेव्हा केक कापला, टी-शर्ट वाटले. दोन महिन्यांत तिथे उरल्या फक्त एचआरच्या सणासुदीच्या शुभेच्छा, आणि त्यांना एचआरचेच लाइक.

खरी माती खाल्ली ती एका पोस्टवर. एका फिटरने लिहिलं, ‘सेकंड शिफ्टची बस रोज पाऊण तास लेट येते.’ अकरा दिवस कोणी हूं की चूं केलं नाही. बाराव्या दिवशी कस्टमर व्हिजिट होती म्हणून पोस्ट काढून टाकली. काढणारी मीच. त्यानंतर शॉप फ्लोअरवरून एकही प्रश्न आला नाही. गेटवरच्या चहाच्या टपरीवर मात्र बसचा विषय आणखी तापला.

तेव्हा सुरू करण्याआधीच ट्रान्सपोर्ट, कॅन्टीन, पगार, सेफ्टी यांचं उत्तर कोण देणार ते ठरवा. तो रजेवर गेला तर कोण, तेही. ‘कंत्राटदाराशी बोलतोय, गुरुवारी सांगतो’ एवढंही चालतं. पण मग गुरुवारी सांगायचंच.

दुसरी चूक लॉगिनची. ऑपरेटरला कंपनीचा ईमेल आयडी नसतो, लाइनवर मोबाइल चालत नाही, आणि पासवर्डची लिंक मात्र ईमेलवर जाते! कामगाराच्या टोकन नंबरवर लॉगिन द्या, कॅन्टीनच्या दाराशी एक स्क्रीन लावा. मराठीत लिहा, ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ छापाचं नको, आपण बोलतो तसं.

तीच नोटीस मेलवर आणि बोर्डवरही त्याच वेळी लागत असेल, तर नेटवर्कवर कोण कशाला येईल? दिवाळीच्या सुट्ट्यांची यादी बोर्डवर लागण्याच्या आदल्या दिवशी नेटवर्कवर येऊ द्या.

व्हॉट्सॲपशी भांडू नका. मशीन बंद पडलं की लोक तिथेच ओरडणार. फक्त नोकरी सोडून गेलेले कोणी ग्रुपमध्ये राहिलेत का, ते बघा. आमच्याकडे तिघे निघाले, त्यातला एक समोरच्याच कंपनीत. ड्रॉइंगचे फोटो त्यालाही रोज पोचत होते.

‘आठवड्याला दोन पोस्ट’ असं केआरएत, म्हणजे ज्यावर काम जोखलं जातं त्या यादीत, घालणं तर हमखास फसतं. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००६ साली एक ढोबळ ठोकताळा मांडला होता: ऑनलाइन समूहात शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात, बहुतेक मजकूर उरलेल्या एकाचा. वाचणाऱ्यांना वाचू द्या. लाइक मोजण्यापेक्षा किती प्रश्न उत्तराविना पडलेत ते मोजा.

महत्त्वाची कागदपत्रं नेटवर्कवरच अडकवून ठेवू नका, हेही जाता जाता. यॅमरचं नाव २०२३ मध्ये व्हिवा एंगेज झालं, आणि मेटाने तर वर्कप्लेस हे आपलं असंच नेटवर्क गुंडाळत असल्याचं मे २०२४ मध्ये जाहीर केलं.

आम्ही पुन्हा सुरुवात केली तेव्हा पहिली पोस्ट प्लँट हेडनी स्वतः टाईप केली. बसचं नवं वेळापत्रक, दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट. खाली पहिली कॉमेंट त्याच फिटरची: ‘साहेब, शनिवारचं काय?’