गाड्या तीन, वॉकीटॉकी चार आणि कुणाचं कुणाला ऐकू येईना: या चुका टाळा

ताम्हिणीत शिरलं की मोबाईलची रेंज जाते हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको, त्यामुळे दिवाळीनंतर आम्ही तीन गाड्या काढून हर्णैला निघालो तेव्हा भाऊजींनी हौसेने वॉकीटॉकी आणले होते. चांदणी चौकात झकास आवाज, पिरंगुटपर्यंत पोरांचे पांचट विनोदसुद्धा चालू होते, आणि मुळशीच्या पुढे गेलो तर आमच्या गाडीत एकदम शुकशुकाट. "भाऊजी, येतंय का ऐकू?" काही नाही. शेवटी विळ्याच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो तर भाऊजी तणतणत उतरले. त्यांना आमचं सगळं ऐकू येत होतं, आमचे चिरंजीव बटण दाबून बसलेले असताना आम्ही त्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल जे बोललो तेसुद्धा, आणि ते बिचारे अर्धा तास ओरडत होते की माझ्या मागच्या टायरची हवा कमी झालीय, थांबा.

सेट बिघडला नव्हता. मागच्या सीटवर चिरंजीवांनी मेनूत बोटं घालून आमचा कोड (म्हणजे काय ते पुढे सांगतो) शून्यावरून ७ वर नेला होता. त्यानंतरच्या ट्रिपांना हेच बघतोय, दहातल्या आठ वेळा सेट चांगलाच असतो, गडबड आपण केलेली असते. आणि उरलेल्या दोन वेळा गडबड दुकानातच झालेली असते, म्हणून आधी तिथलं सांगतो.

घेताना

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वॉट बघून घेणे. भारतात लायसन्सशिवाय वापरायचे वॉकीटॉकी म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले, २०१८ च्या नियमांनी हा पट्टा मोकळा केलाय, आणि त्यात पॉवरची मर्यादा अर्धा वॉट. बस्स. तुमच्या मित्राने ऑनलाइन स्वस्तात घेतलेला तो ५ वॉटचा लांब अँटेनावाला बाओफेंग हा सेट म्हणून वाईट नाही, पण तो परीक्षा देऊन लायसन्स काढलेल्या हॅमवाल्यांसाठी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी, आणि त्यांनीही फक्त हॅमच्या पट्ट्यात दुसऱ्या हॅमशी बोलायचं असतं. "कोण बघतंय घाटात" हे मीपण म्हणायचो, पण हे सेट बटणं दाबून कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर जातात आणि चुकून दुसऱ्या कुणाच्या कामाच्या चॅनलवर तुम्ही "वडापाव कुठे खायचा" बोलत बसलात तर ते महागात पडेल. घेताना बॉक्सवर ४४६ लिहिलंय का आणि विकणाऱ्याकडे त्या मॉडेलचं सरकारी ईटीए, म्हणजे उपकरणाच्या मंजुरीचं सर्टिफिकेट आहे का एवढं विचारा, गोलमाल उत्तर आलं तर सोडून द्या.

दुसरी गंमत अमेरिकेहून येणाऱ्या सेटची. चुलतभाऊ येताना प्रेमाने जोडी घेऊन येतो, दिसायला डिट्टो, पण ते ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिकडे ते ठीक, इकडे तो पट्टा मोकळा नाही, आणि आपल्या ४४६ वाल्याशी ते बोलूच शकत नाहीत. दोन्हीवर चॅनल १ लावून बसलात तरी नंबर फक्त नावाला सारखा, खालची फ्रिक्वेन्सी वेगळी.

तिसरे ते सिमकार्डवाले. "भारतभर रेंज" असं लिहिलेलं असतं आणि खोटं नसतं, कारण तो आवाज मोबाईलच्या नेटवर्कवरून जातो. पण मग जिथे फोन लागत नाही तिथे तो सेटही गप्प. गोडाऊन, ट्रान्सपोर्टवाले यांना उपयोगी असेल, ताम्हिणी किंवा वरंध्यात काय कामाचा. वॉकीटॉकीची ॲपसुद्धा त्याच माळेतली.

आणि शक्यतो सगळे सेट एकाच मॉडेलचे घ्या. जुन्या सेटला ८ चॅनल असतात, नव्यांना १६, म्हणजे ८ च्या वर गेलात की जुनावाला बाहेर.

रेंजचं खरं

बॉक्सवर ८ किलोमीटर, १० किलोमीटर काहीही लिहितात. ते मध्ये काहीच आडवं नसताना, एक माणूस डोंगरावर आणि एक खाली मैदानात असेल तर. ४४६ च्या लाटेची लांबी जेमतेम ६७ सेंटीमीटर, ती डोंगराला वळसा घालून जात नाही. आमचा अनुभव सांगतो, सरळ हायवेवर दोन गाड्यांत दीड किलोमीटरपर्यंत नीट चालतं, घाटात एक मोठं वळण मध्ये आलं की कधीकधी तीनशे मीटरवरपण नुसती खरखर. बोगद्यात तर विषयच सोडा. म्हणून घाटात "ऐकू येत नाही" म्हणून सेट बदलत बसू नका, पुढच्याने वळण पार करून मोकळ्या जागी जरा हळू व्हावं. तीन गाड्या असतील तर मधल्याने टपालवाल्याचं काम करायचं, पुढच्याचा निरोप मागे, मागच्याचा पुढे. आम्ही हे सुरू केल्यापासून निम्म्या तक्रारी गेल्या.

रेंज कमी करायचं उरलेलं काम आपण स्वतः करतो, सेट गिअरच्या बाजूला कपहोल्डरमध्ये आडवा टाकून. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, लाट बाहेर पडते ती काचेतून, त्यामुळे बोलताना आणि ऐकताना सेट काचेच्या उंचीवर, अँटेना उभी. एवढ्याने फरक पडतो, करून बघा. आमच्या एका मित्राला टपावर चुंबकाची अँटेना लावायची होती, पण लायसन्स नसलेल्या सेटची अँटेना कंपनीची तीच ठेवायची असते, ती काढून दुसरी लावता येत नाही.

एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला नाही

आता आमच्या भाऊजींचा रोग. चॅनलच्या शेजारी जो छोटा आकडा दिसतो तो कोड. बऱ्याच जणांना वाटतं कोड लावला की आपलं बोलणं खासगी झालं. अजिबात नाही. तुमच्या आवाजाखाली एक बारीक सूर जातो आणि ज्या सेटवर कोड लावलाय तो सेट फक्त तो सूर असलेलाच आवाज स्पीकरला सोडतो. म्हणजे कोड हा तुमच्या कानाला लावलेला बोळा, तोंडाला नाही. कोड शून्य असलेल्याला तुमचं सगळं ऐकू जातं. आमचा ७, भाऊजींचा शून्य, म्हणून त्यांना आम्ही ऐकू येत होतो आणि त्यांच्या आवाजात सूरच नाही म्हणून आमचा सेट त्यांना आत घेत नव्हता. एकतर्फी ऐकू येतंय म्हणजे कोडच बघा, बाकी काही उघडू नका.

वेगळ्या कंपन्यांचे सेट असतील तर अजून एक खोच आहे, कोडचा नंबर सारखा असला तरी सूर सारखा असेलच असं नाही. ३८ कोडवाल्या सेटमध्ये ८८.५ हर्ट्झ हा सूर ८ नंबरला येतो, ५० वाल्या यादीत तोच ९ नंबरला. मॅन्युअलमधला हर्ट्झचा आकडा जुळवा. किंवा सरळ सगळ्यांनी कोड शून्य ठेवा आणि लोणावळ्यात रविवारी बाकीच्या ग्रुपची बडबड सहन करा. चॅनल १ वर तर जत्रा असते कारण सगळे सेट खोक्यातून तिथेच उघडतात, निघतानाच ठरवा की गर्दी झाली तर सगळ्यांनी ११ वर जायचं. आणि मेनू लॉक करा, पोरं असतील तर नक्कीच.

बाकी किरकोळ

पहिला शब्द तुटतो, "थांबू नका" मधलं "नका"च ऐकू येतं? बटण दाबून एक सेकंद थांबा मग बोला. सेट तोंडात घालू नका, चार बोटं लांब. आपोआप बोलणं सुरू होणारा व्हॉक्स मोड गाडीत बंदच ठेवा, गाणी, हॉर्न, खिडकीचा वारा सगळ्याने तो चालू होतो आणि तो चालू असेपर्यंत बाकी कुणालाच बोलता येत नाही. एका गाडीत दोन सेट चालू असले की कुईऽऽ अशी शिट्टी वाजते, चौथा जास्तीचा सेट बंद करून ठेवा. चार्जिंगला लावल्यावरच खरखर येत असेल तर सेट नाही, तो सिग्नलवर घेतलेला कार चार्जर दोषी, काढून बघा. आणि काही सेटना घरच्या प्लगचाच स्टँड लागतो, गाडीत चार्ज होतच नाहीत, हे मुक्कामाला पोचल्यावर कळतं.

सेट ड्रायव्हरच्या हातात द्यायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरून वापरायचं संपर्काचं साधन धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय, तिथे फक्त मोबाईल असं लिहिलेलं नाही.

एक चूक मात्र मी स्वतः केलीय आणि ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. पुढच्या गाडीतून मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "रिकामं आहे, मार ओव्हरटेक", आणि मागच्याने ट्रकच्या बाजूने गाडी काढेपर्यंत समोरच्या वळणावरून एसटी आली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. माझं वाक्य खरं होतं, चार सेकंदांपूर्वी. तेव्हापासून आमच्यात नियम आहे, पुढच्याने खड्डा, गुरं, दरड, बंद पडलेला ट्रक सगळं सांगायचं, "ये" हा शब्द सोडून.