मॅनिफोल्डचा तुटका बोल्ट: ओळखायचा कसा, काढायचा कसा

गार इंजिन सुरू केलं की टिकटिक येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढते आणि इंजिन तापलं की गायब होते. अशा वेळी बरेच जण आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट करून घेतात. त्यापूर्वी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या लोखंडी भागाचे, बोल्ट बघा. बोल्ट तुटला की मॅनिफोल्ड आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) यांच्यामध्ये फट पडते आणि तिथून धूर ठोके देत निसटतो. तापल्यावर लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज थांबतो.

तपासणी इंजिन पूर्ण गार असतानाच करा. वरचा उष्णतारोधक पत्रा काढा, टॉर्च आणि छोटा आरसा घ्या आणि बोल्ट एकेक करून मोजा. टोकाचे आधी बघा. मॅनिफोल्ड लांबीत वाढतो-आखडतो, त्याची ओढ टोकांना जास्त बसते, म्हणून बहुधा तेच तुटतात. डोकं उडालेलं दिसेल, नाहीतर जोडापाशी काजळीचा काळा पट्टा. तरीही शंका राहिली तर व्हॅक्यूम क्लीनरच्या हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडाने सायलेन्सरच्या नळीत हवा सोडा आणि जोडावर साबणाचं पाणी फवारा. गळती असेल तिथे बुडबुडे येतील. काम फार लांबणीवर टाकू नका, कारण हा धूर गाडीच्या आत शिरू शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता महत्त्वाचा प्रश्न: बोल्ट आपोआप तुटला की पाना लावल्यावर? आपोआप तुटलेल्याचे आटे बऱ्याचदा मोकळे असतात. डोकं गेलं की ताण संपतो आणि उरलेला तुकडा कधीकधी नुसत्या प्लायरनेही फिरतो. पान्याखाली तुटलेला मात्र आट्यांतच जाम झालेला असतो. म्हणून बाकीचे बोल्ट सोडवताना घाई नको. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि बोल्ट अडला तर थोडा घट्ट, थोडा सैल असा हलवत काढा.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर तुकडा बाहेर डोकावत असेल तर ग्रिप प्लायर लावून बघा. तो हलला नाही तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करा. माझ्या मते हाच सगळ्यांत भरवशाचा उपाय. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि पाना लावायला नवं डोकंही मिळतं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर पोलादाचं वेल्डिंग त्याला धरत नाही, ही आणखी एक सोय. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा. नट जरा निवू द्या, मग फिरवा.

तुकडा आत तुटला असेल तर सेंटर पंचने बरोबर मधोमध खूण करा. सगळं यश या एका ठोक्यावर आहे, कारण ड्रिल एका बाजूला सरकलं तर हेडचे आटे गेलेच. उलट्या फिरतीचं ड्रिल बिट वापरा; भोक पाडतानाच तुकडा अनेकदा बाहेर येतो. इझी-आउट (तुकड्यातल्या भोकात उलटा फिरवून तुकडा काढायचा दांडा) शेवटी ठेवा. तो कडक पण ठिसूळ असतो, आत मोडला तर साधं ड्रिल त्याला टोकरतही नाही आणि मग मशीन शॉपशिवाय गत्यंतर नाही. आटे खराब झालेच तर भोक मोठं करून हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवता येतं.

जोडताना पृष्ठभाग साफ करा आणि मॅनिफोल्डवर सरळ पट्टी धरून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासा. वाकलेला मॅनिफोल्ड तसाच बसवला तर नवा बोल्टही तुटणार. गॅस्केट (जोडातली गळती रोखणारं पातळ आवरण) नवंच घ्या, बोल्टही शक्यतो सगळे नवे. मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या जोरापर्यंत) आवळा. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावणार असाल तर टॉर्क थोडा कमी ठेवावा लागतो, कारण घर्षण घटल्याने बोल्ट जास्त ताणला जातो.

इंजिन सुरू करून आवाज ऐका, पण खरी परीक्षा ते पूर्ण गार झाल्यावर पुन्हा सुरू करताना होते.