कॉक्लिअर इम्प्लांट: शस्त्रक्रियेआधी आणि नंतर घराने काय करावे

आमच्या दोन्ही मुलांना जन्मतःच ऐकू येत नव्हते. थोरल्याचे कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणमज्जातंतूला थेट विद्युत संदेश देणारे यंत्र कानाच्या आत बसवण्याची शस्त्रक्रिया, तो अडीच वर्षांचा असताना झाले, धाकटीचे अकराव्या महिन्यात. आणि एकाच घरात वाढूनही दोघांच्या बोलण्यात आज जो फरक जाणवतो, तो बहुतांशी या मधल्या दीड-पावणेदोन वर्षांचा आहे, असे आमचे मत आहे. म्हणून पहिली सूचना हीच की, शंका आल्यावर वाट पाहत बसू नये. थोरला दार आपटले की वळून पाहायचा, त्यामुळे त्याला ऐकू येते असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो आवाजामुळे नव्हे, तर जमिनीला बसलेल्या हादऱ्यामुळे वळत होता. 'मुलगे उशिराच बोलतात' असे एका डॉक्टरांनी सांगितले, आम्हालाही तेच ऐकायचे होते, आणि त्यात आठ महिने गेले.

जगभर मान्य असलेले वेळापत्रक असे आहे: पहिल्या महिन्याच्या आत प्राथमिक श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात. नवजात बाळाची ओएई चाचणी अंतर्कर्णातील बाह्य केसपेशींचा प्रतिसाद मोजते. मज्जातंतूकडून पुढे संदेश नीट जातो की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी बेरा चाचणी लागते. ती बाळ झोपलेले असताना करतात, तेव्हा वाटेत त्याला झोपू देऊ नये आणि दूध चाचणीच्या जागी पोहोचल्यावरच पाजावे, म्हणजे तपासणीच्या वेळी गाढ झोप लागते. एका मुलाला जन्मजात बहिरेपणा असेल, तर जनुकीय तपासणी जरूर करून घ्यावी. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या मुलांत दिसणाऱ्या आनुवंशिक बहिरेपणाचे एक प्रमुख कारण जीजेबी२ या जनुकातील दोष हे आहे; दोघेही त्याचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला बहिरेपणा येण्याची शक्यता 25 टक्के असते. आमचा अहवाल तसाच आला. त्यात कोणाचाही दोष नसतो, हे नातेवाइकांना समजावण्यात मात्र अहवाल वाचण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

निदान झाल्यावर आधी काही महिने दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावून पाहतात. इम्प्लांट होणारच असेल तर हा काळ वाया जातो, असे समजू नये. यंत्रांचा कितपत उपयोग होतो हे त्यातून ठरते, शिवाय कानावर काहीतरी असण्याची मुलाला सवय लागते. याच काळात एमआरआय करून श्रवणमज्जातंतू आहे ना, हे पाहतात. मेंदूज्वरानंतर ऐकू येणे गेले असेल, तर मात्र घाई करावी लागते, कारण त्या आजारानंतर कॉक्लिआच्या, म्हणजे अंतर्कर्णातील गोगलगायीच्या शंखासारख्या नळीच्या, पोकळीत हाड तयार होऊ लागते आणि इम्प्लांटचे इलेक्ट्रोड (विद्युत संदेश देणारी बारीक टोके) आत सरकवणे कठीण होते. इम्प्लांट झालेल्यांना मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून न्यूमोकोकसची लस शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी पूर्ण झालेली असावी.

यंत्राचा एक भाग शस्त्रक्रियेने आत बसवतात; बाहेर आवाज टिपणारा प्रोसेसर असतो, आणि त्याला केबलने जोडलेली कॉइल नावाची चकती चुंबकाने डोक्याला चिकटते. यंत्र निवडताना रंग आणि आकार यांवर चर्चा करण्यात आम्ही एक पूर्ण संध्याकाळ घालवली. विचारण्याचे प्रश्न वेगळे होते: आतला भाग तसाच ठेवून किती क्षमतेपर्यंतचा एमआरआय करता येतो, केबल आणि कॉइल किती दिवसांत मिळते, बाहेरचा प्रोसेसर दुरुस्तीला गेला तर तोपर्यंत दुसरा देतात का. आतला भाग अनेक वर्षांसाठी असतो, बाहेरचा प्रोसेसर पुढे बदलता येतो. त्यामुळे ज्या कंपनीशी इतकी वर्षे संबंध राहणार, तिची सेवा यंत्राइतकीच पारखून घ्यावी.

शस्त्रक्रियेबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण त्यात पालकांच्या हाती फारसे काही नसते. कानामागे छेद घेऊन आतला भाग हाडावर बसवतात आणि कॉक्लिआत इलेक्ट्रोड सरकवतात. धाकटीच्या बाहुलीच्या डोक्याला आम्ही आदल्या आठवड्यापासून पट्टी बांधून ठेवली होती. एवढे मात्र आधीच मनाशी पक्के असावे की, त्या दिवशी मूल ऐकू लागत नाही. जखम भरल्यावर, साधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी, यंत्र सुरू करतात.

यंत्र सुरू करण्याच्या दिवसाची अपेक्षा इंटरनेटवरील चित्रफितींवरून ठरवू नये. हसणारी बाळे असतात, पण अनेक मुले रडतात किंवा नुसती स्तब्ध होतात. थोरला ठोकळ्यांचा मनोरा रचत होता. आवाज पोहोचताच ठोकळा धरलेला त्याचा हात हवेतच थांबला, खालचा ओठ थरथरला आणि पुढच्या क्षणी त्याने कॉइल उपटून टाकली. आम्हाला वाटले, सारे फसले. श्रवणतज्ज्ञांनी मात्र समाधानाने नोंद केली. ऐकण्याचे वय त्या दिवसापासून मोजायचे असते, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाची तुलना शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाशी करू नये. पुढे काही महिने वरचेवर मॅपिंग होते, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी जेमतेम जाणवणारी आणि सहज सोसवणारी पातळी ठरवली जाते. लहान मूल हे तोंडाने सांगू शकत नाही, म्हणून कोणत्या आवाजाला ते वळले, कशाने डोळे मिटले, कधी कॉइल काढली, याची वही ठेवावी आणि भेटीला न विसरता न्यावी.

यानंतरचे सर्वांत कष्टाचे काम म्हणजे जागेपणीचा संपूर्ण वेळ यंत्र डोक्यावर टिकवणे. किती तास वापर झाला, हे प्रोसेसरमध्ये नोंदले जाते. थोरला दिवसाला सात तास यंत्र घालतो असे आम्ही ठामपणे सांगितले होते. नोंद तीन तासांची निघाली. त्यानंतर आम्ही डोळे उघडताच यंत्र लावण्याचा आणि लगेच त्याच्या आवडीचा खेळ सुरू करण्याचा नेम केला. त्याने काढले की न रागावता, न हसता, पुन्हा लावायचे. टोपी, पट्टा, कॉलरला अडकवायची दोरी, जे चालेल ते वापरावे. कॉइल सारखी पडत असेल तर चुंबक कमी शक्तीचा आहे. तिच्याखालची त्वचा लाल होत असेल तर तो जास्त शक्तीचा आहे, आणि तो लगेच बदलून घ्यावा. एकदा आमची कॉइल दिवसभर सापडली नाही. ती लोखंडी पलंगाच्या पायाला आतल्या बाजूने चिकटून बसली होती. तेव्हापासून आमच्याकडे शोध लोखंडापासून सुरू होतो.

रोज सकाळी सहा ध्वनींची चाचणी घ्यावी: म्, ऊ, आ, ई, श् आणि स्. डॅनियल लिंग यांनी रूढ केलेल्या या चाचणीत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत बोलण्यातील सर्व पट्टे येतात. तोंडावर हात धरू नये, त्याने आवाज बदलतो. मुलाच्या मागे उभे राहावे. ध्वनी ऐकू आला की मुलाने वाटीत एक ठोकळा टाकायचा. एका सकाळी धाकटीने पाच ठोकळे टाकले आणि सहावा गालाशी धरून ती वाट पाहत राहिली. स् तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. मायक्रोफोनच्या जाळीत धूळ बसली होती. जाळी बदलल्यावर ठोकळा पडला. ही चाचणी नसती, तर 'साप'चा 'आप' होईपर्यंत आम्हाला पत्ता लागला नसता.

घरात दोन मुले आणि चार प्रोसेसर असतील, तर खुणा करणे अत्यावश्यक आहे. प्रत्येक प्रोसेसरमधील मॅप त्याच कानासाठी बनवलेला असतो आणि दुसऱ्याच्या मॅपमुळे आवाज असह्य मोठा होऊ शकतो. उजव्याला लाल, डाव्याला निळा ही श्रवणतज्ज्ञांची पद्धत. आम्ही त्यावर प्रत्येक मुलासाठी वेगळे चित्र चिकटवले आहे. रात्री सर्व प्रोसेसर आर्द्रता शोषणाऱ्या डब्यात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज तयार होते, म्हणून तेथे बाहेरचा भाग आधी काढावा. कोणत्याही एमआरआयपूर्वी वा शस्त्रक्रियेपूर्वी इम्प्लांटची माहिती द्यावी, आणि तापाबरोबर मान आखडल्यास किंवा कान दुखू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

वाचा-उपचार आठवड्यातून तासभर होतात. उरलेले सगळे तास घराचे. बोलताना टीव्ही बंद असावा, अंतर हातभर असावे, वस्तू दाखवण्याआधी तिचे नाव ऐकवावे आणि मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजून उत्तराची वाट पाहावी. ही वाट पाहणेच सर्वांत अवघड जाते. जी भाषा तुम्हाला सहज येते, तीच बोलावी. खाणाखुणा टाळा, असा सल्ला आम्हाला मिळाला होता, आम्ही तो मानला नाही. आंघोळीच्या वेळी आणि रात्री यंत्र उतरल्यावर मुलांशी बोलायचे तरी कसे? यंत्र एकाएकी बंद पडले, तर आधी बॅटरी, मग केबल, मग कॉइल या क्रमाने बदलून पाहावे, आणि सुटी केबल घरात नेहमी ठेवावी. आता धाकटीची सकाळची चाचणी थोरलाच घेतो, आणि तिला ओठ दिसू नयेत म्हणून स् म्हणताना तिच्या मागे दोन पावले सरकून उभा राहतो.