इनफिल्ड फ्लाय आणि इंटरफिअरन्स: सॉफ्टबॉलच्या अंपायरने निर्णय कसा घ्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे माणूस क्रिकेटवर वाढतो. त्यामुळे शाळेच्या सॉफ्टबॉल सामन्यात अंपायर म्हणून उभं राहिलं की हमखास प्रश्न येतो, "कॅच सुटला की हो सर, मग आउट कसा?" उत्तर असं: सोपा कॅच मुद्दाम सोडून बेसवर अडकलेले दोन रनर बाद करण्याची चलाखी चालू नये, म्हणूनच इनफिल्ड फ्लायचा नियम आहे: बेसजवळच्या आतल्या मैदानात उंच उडालेला सोपा चेंडू अंपायरने पुकारला की कॅच सुटला तरी बॅटर आउट.

प्रत्येक पिचआधी, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकण्याआधी, बेस मोजा. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिन्ही बेसवर रनर हवेत आणि आउट दोनपेक्षा कमी. फक्त पहिल्या-तिसऱ्यावर असतील तर इनफिल्ड फ्लाय नाहीच. लाइन ड्राइव्ह (सपाट, जोरात गेलेला फटका) आणि बंटही (बॅट न फिरवता हळूच ढकललेला चेंडू) यात येत नाहीत.

चेंडू उडाला की घाई नको. तो वर टोकाला पोहोचेपर्यंत थांबा आणि मग नजर फिल्डरवर न्या. पाय स्थिरावले, तोंड मैदानाकडे, म्हणजे साध्या प्रयत्नात कॅच होणार. पाठ करून धावतोय किंवा झेप घेतोय, तर नाही. तो कुठल्या रेषेपलीकडे गेला याला महत्त्व नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरचा) सोपा कॅच बघता बघता अवघड होतो, तेव्हा वारा हिशेबात धराच.

खात्री पटली की हात वर करून ओरडा: "इनफिल्ड फ्लाय, बॅटर आउट!" चेंडू फाउल लाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या वैध (फेअर) भागाच्या कडेच्या रेषेजवळ, असेल तर "इफ फेअर" जोडा. मुलं कन्नड असोत की मराठी, हे शब्द सगळ्यांना कळतात. चेंडू मात्र चालूच राहतो, म्हणजे खेळ थांबत नाही. रनर स्वतःच्या जबाबदारीवर पळू शकतो. बॅटर बाद झाल्याने फोर्स (पुढच्या बेसवर जाण्याची सक्ती) संपलेला असतो, म्हणून पळणाऱ्या रनरला टॅगच (चेंडू हातात धरून स्पर्श) करावं लागतं.

खरी कसोटी इंटरफिअरन्सची, म्हणजे रनरने फिल्डरला केलेल्या अडथळ्याची. क्रिकेटमध्ये अडथळ्यासाठी हेतू लागतो, अपील लागतं. इथे दोन्ही नको. मारलेला चेंडू घेणाऱ्या फिल्डरच्या वाटेत बेस सोडलेला रनर नकळत आला तरी लगेच "डेड बॉल!" म्हणा. तो आउट, बाकीचे शेवटच्या स्पर्श केलेल्या बेसवर परत. चेंडू फेअर आणि इनफिल्ड फ्लाय पुकारलेला असेल तर बॅटरही आउट. बेसवर उभ्या रनरला मात्र त्याने फिल्डरला मुद्दाम अडवल्याशिवाय बाद देऊ नका.

एका चेंडूवर दोन आउट दिले की कोच धावत येणारच. मे 2024 मध्ये बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध शिकागो व्हाइट सॉक्सचा सामना नेमका असाच संपला, आणि त्यावर बराच वाद झाला. कोचला लांबलचक समजावू नका. "रनरने फिल्डरला अडवलं, बॅटर आधीच आउट" एवढंच सांगा.

सरावासाठी कुणाला तरी उंच चेंडू उडवायला लावा, फिल्डरला कॅच घेऊ देऊ नका, आणि चेंडू खाली पडायच्या आत तुमचा पुकार झाला का ते बघा.