बंद कारखान्याची जमीन: बोअर मारण्याआधी माणसं शोधा

माती तपासायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर बाग, शाळा किंवा घरं करायचं वस्तीने ठरवलं, की पहिला फोन लॅबला जातो. तो जरा थांबवा. आधी त्या जागेवर पाळ्या केलेली माणसं शोधा.

एका जुन्या इलेक्ट्रोप्लेटिंगच्या, म्हणजे विजेने धातूवर मुलामा चढवण्याच्या, जागेवर आम्ही वीस मीटरच्या चौकटी आखून, बोअर मारून मातीचे नमुने घेतले. रिपोर्ट स्वच्छ आला. पुढे पाइपसाठी चर खणताना हळदीसारखी पिवळी माती वर आली. ते क्रोमियम होतं, तेही षट्संयुजी, म्हणजे कर्करोग करणारं. मग बॉयलरवरचे एक निवृत्त काका आले आणि त्यांनी काठीने जमिनीवर रेघ ओढली. ‘‘टाक्या धुतल्या की पाणी इथं सोडायचो. खड्डा होता इथं.’’ आमचा सर्वांत जवळचा बोअर त्या रेघेपासून आठ मीटरवर होता. त्या काकांना आम्ही आधी विचारलंच नव्हतं.

विचारताना चूक कोणाची होती याच्या वाटेला जाऊ नका, माणसं गप्प होतात. पाळी सुरू झाली की काय काय करायचात, एवढंच विचारा. ड्रम कुठे ठेवायचे, सांडपाणी कुठल्या बाजूला जायचं, जमिनीखाली टाकी होती का, भराव कुठून आणला, हे सगळं बोलता बोलता निघतं. शक्यतो त्यांना जागेवरच न्या, पाय चालू लागले की आठवतं. जोडीला जुने नकाशे, हवाई छायाचित्रं आणि परवान्यांची कागदपत्रं पाहा. काय बनत होतं ते कळलं की काय शोधायचं तेही कळतं. कातडी कमावण्याच्या जागेत क्रोमियम, कॉस्टिक सोड्याच्या जुन्या कारखान्यात पारा, लाकूड टिकवण्यासाठी रसायन मुरवायचे तिथे आर्सेनिक. कोळशापासून गॅस काढायचे तिथे डांबर मिळतं आणि कधी कधी गडद निळी मातीही. तो निळा रंग सायनाइडच्या संयुगाचा असतो. माती मुद्दाम हुंगू नका, उघड्या हाताने उचलू नका.

नमुने संशयाच्या जागी जास्त घ्या, उरलेल्या जागेत चौकटीने. वरची पंधरा सेंटिमीटर माती वेगळी तपासा, कारण मुलांच्या हाताला आणि तोंडाला लागते ती हीच. पैसे वाचवायला पाच ठिकाणची माती एकत्र कालवायचा सल्ला मिळेल. संशयाच्या जागी तो ऐकू नका. एका ठिकाणचं जबर विष चार ठिकाणच्या चांगल्या मातीत विरून जातं आणि रिपोर्ट गोड दिसतो. उडून जाणारी रसायनं असतील तर लॅबने दिलेल्या बरण्यांतच, त्यांच्या पद्धतीने नमुना लगेच बंद करा आणि बर्फात पाठवा. भूजलाची दिशा कळायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, ड्रायक्लीनिंगचं द्रावण मात्र तळाशी बसतं. त्यामुळे वरवरचं पाणी स्वच्छ निघालं म्हणून निश्चिंत होऊ नका.

आकडे हाती आले की प्रत्येकापुढे तीन प्रश्न ठेवा: विष कुठे आहे, कोणत्या वाटेने येतं, कोणापर्यंत पोचतं? वाट तुटली तरी धोका टळतो. मर्यादाही कायमच्या नसतात. अमेरिकेत निवासी मातीतल्या शिशाचा तपासणीचा आकडा वर्षानुवर्षं दहा लाख भागांत 400 होता, 2024मध्ये तो 200 केला. म्हणून ‘मर्यादेत आहे’ एवढ्यावर थांबू नका, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या वापरासाठीची मर्यादा ते विचारा.

सगळी माती उचलून नेणं हा एकच उपाय नाही, आणि उचललेली माती कुठल्या तरी दुसऱ्या वस्तीशेजारीच जाते, हे मला फार टोचतं. तेलकट माती हवा आणि खत देऊन जिवाणूंकडून साफ करता येते. अमेरिकेतल्या सिएटलच्या गॅसवर्क्स पार्कमध्ये, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर 1975मध्ये खुल्या झालेल्या बागेत, हे करून पाहिलं होतं. पण जिवाणू जड धातू खाऊन संपवत नाहीत. तिथे माती सिमेंटने बांधून ठेवतात किंवा वर स्वच्छ मातीचा जाड थर देतात. जमिनीतून वाफा येत असतील तर घराच्या फरशीखालून त्या ओढून बाहेर सोडायची सोय बांधकामाआधीच करा, नंतर फार जड जातं. भाजीचे वाफे आणलेल्या स्वच्छ मातीवर, खाली कापड अंथरून, उंच बांधा.

झाकलेली जमीन विसरली जाते, हा खरा घात. अमेरिकेतल्या लव्ह कॅनालमध्ये सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरून वर मातीचं झाकण दिलं होतं. 1953मध्ये ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाकडे गेली. खरेदीखतात पुरलेल्या रसायनांचा उल्लेख होता, तरी शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं आणि रस्ते आले आणि खोदकामात झाकण फुटलं. 1978मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली.

म्हणून स्वच्छ मातीच्या थराखाली भडक नारिंगी जाळी अंथरून घ्या. ती किती खोल आहे ते नकाशावर लिहा, आणि तो नकाशा जमिनीच्या नोंदींत, बागेच्या कचेरीत आणि पाण्याचे पाइप टाकणाऱ्यांकडेही ठेवा. फावड्याला नारिंगी काही लागलं की काम थांबवायचं, हे माळ्याला जाळी दाखवूनच सांगा.