मोशन गेम घ्यावा का? आधी मनगटाची परीक्षा घ्या

मोशन गेम म्हणजे हातातला रिमोट हलवून टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम. 'यात क्रिकेट आहे का हो?' सोलापूरकर दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारणार. उत्तर आधीच सांगून ठेवतो: नाही. निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवरच्या, २००६ च्या वी स्पोर्ट्समध्ये टेनिस, बेसबॉल, चेंडू घरंगळत सोडून पिना पाडायचं बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग होतं. त्याच कंपनीच्या स्विच या पुढच्या कन्सोलवरच्या, २०२२ च्या निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्समध्ये व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, बोलिंग, सॉकर, टेनिस आणि चांबारा नावाची तलवारबाजी आली. गोल्फ त्याच वर्षअखेर आणि बास्केटबॉल २०२४ मध्ये अपडेटमधून मिळालं. बेसबॉलची बॅट फिरवली म्हणून ते क्रिकेट होत नाही. खरी बॅटिंग हवी असेल तर हैदराबादच्या कंपनीचा आयबी क्रिकेट आहे, पण तो डोक्यावर हेडसेट चढवून खेळायचा. खर्च वेगळा, आणि एकजण खेळणार, बाकीचे सोफ्यावर बसून त्याच्या तोंडाकडे बघणार.

खोक्यावरची खेळांची यादी वाचून गेम घेणं ही पहिली चूक. सहा-सात खेळांतले बहुतेक घरांत दोनच टिकतात, आणि त्यातला एक हमखास बोलिंग असतो. बघायचं ते एकच: गेम तुमचा हात वाचतो, की फक्त झटका मोजतो?

तिकडे जाण्याआधी जागा मोजा. हातात लाटणं धरा, हात पूर्ण पसरा आणि स्वतःभोवती एक फेरी मारा. कपाट, शोकेस, भिंत, कशालाच लागलं नाही तर एका माणसाची जागा झाली. दोघांना शेजारी उभं राहायचं असेल तर अशी दोन वर्तुळं हवीत. एक्सबॉक्स ३६० च्या किनेक्टसारखा कॅमेऱ्यावर चालणारा प्रकार असेल तर हिशेब वेगळा: त्याला समोर एकट्यासाठी सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट मोकळी जमीन लागते. दहा बाय दहाच्या खोलीत दिवाण, टीव्हीचं टेबल आणि कूलर वजा केल्यावर आठ फूट उरत नाहीत. तिथे किनेक्टचा विषय संपला.

परदेशी परीक्षणांत छताच्या पंख्याचा उल्लेख सापडणार नाही, आपल्याकडे तोच मुख्य मुद्दा आहे. पावणेसहा फुटी माणसाने हात वर केला की बोटं सव्वासात फुटांच्या आसपास जातात. बॅडमिंटनच्या स्मॅशला उडी मारली की आठ, वर रिमोट. दहा फुटी स्लॅबला पंख्याची पाती साडेआठ फुटांवर असतात. पत्र्याच्या किंवा जुन्या चाळीतल्या खोलीत त्याहून खाली. 'खेळताना पंखा बंद ठेवा' असा सल्ला देणाऱ्याने मे महिन्यात दुपारी तीन वाजता जुळे सोलापुरात येऊन दहा मिनिटं बॉक्सिंग खेळून दाखवावं. पंख्याखालची जागा सोडा आणि कूलर बाजूने लावा. हे जमत नसेल तर उन्हाळ्यात गेम पडून राहणार, हे धरूनच निर्णय घ्या.

पाय अनवाणी ठेवा. शहाबादी फरशीवर चादर किंवा सतरंजी अंथरून खेळू नका, ती पायाखालून सरकते.

आता मुख्य भाग. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

रिमोटच्या आत दोन प्रकारचे सेन्सर असू शकतात. एक वेगातला बदल ओळखतो, म्हणजे धक्का आणि झटका. त्याला अॅक्सिलरोमीटर म्हणतात. दुसरा जायरो, तो रिमोट कोणत्या दिशेने किती वेगाने वळतोय ते मोजतो. मूळ वी रिमोटमध्ये फक्त पहिला होता, जायरो २००९ मध्ये मोशनप्लस नावाच्या जोडणीतून आला. स्विचच्या जॉय-कॉनमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या रिमोटमध्ये, दोन्ही आहेत. पण तुमचा हात खोलीत नेमका कुठे आहे हे या दोघांनाही कळत नाही. वळण आणि झटक्यांवरून गेम अंदाज बांधतो, आणि हा अंदाज किती प्रामाणिक आहे यावर गेमची किंमत ठरते. बाजारात 'मोशन' असं छापलेल्या स्वस्त गेम स्टिक मिळतात. त्यातल्या बऱ्याच रिमोटमध्ये हलवणं म्हणजे बटण दाबणं, बाकी काही नाही. त्या लहान मुलाचं खेळणं म्हणून घ्या, खेळ म्हणून नको.

परीक्षा अशी घ्या. दुकानदार जोडून दाखवणार असेल तर दुकानात, नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी. यूट्यूबवर बघून यातलं काहीही कळत नाही. व्हिडिओत फक्त पडदा दिसतो, हात आणि पडदा यांच्यामधला उशीर दिसत नाही.

आधी खुर्चीवर बसा. कोपर मांडीवर टेकवा आणि टेनिसमध्ये नुसत्या मनगटाच्या झटक्याने दहा चेंडू मारा. मग उभं राहून खांद्यापासून पूर्ण हात फिरवून दहा मारा. दोन्ही वेळा चेंडू सारखाच जात असेल तर गेम फक्त झटका मोजतोय. वी स्पोर्ट्सच्या टेनिसमध्ये हे उघड दिसतं: खेळाडू आपोआप पळतो आणि चेंडू कुठे जाणार हे तुम्ही लवकर मारलं की उशिरा यावर ठरतं. लोक रॅकेटचा कोन बदलत बसतात आणि 'आता जमायला लागलं' म्हणतात. जमलं ते वेळ साधणं. असा खेळ वाईटच असं मात्र नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना नातवाशी खुर्चीत बसून खेळता येतं ते यामुळेच. पण 'घरबसल्या व्यायाम होईल' म्हणून घेत असाल तर थांबा. आठवड्याभरात पोरांना झटक्याची युक्ती सापडते, आणि मग सगळे सोफ्यावर लोळत जिंकतात.

दुसरी परीक्षा बोलिंगमध्ये. एक चेंडू अगदी हळू सोडा, एक जोरात, मग दोन चेंडू मनगट डावीकडे आणि उजवीकडे पिळून. वेग बदलला पाहिजे आणि चेंडूने वळण घेतलं पाहिजे. चांगल्या गेममध्ये बोलिंग आणि गोल्फ इथे पास होतात. हळू टाकलेला आणि जोरात टाकलेला चेंडू एकाच वेगाने जात असेल तर पुढच्या परीक्षा घेत बसू नका.

तिसरी परीक्षा फार कमी लोक घेतात, आणि कंटाळा येण्याचं खरं कारण तिच्यातच असतं. फटका मारण्यासाठी हात मागे घ्या आणि थांबा. मागे नेलेला हात गेमने फटका म्हणून मोजला का? वाईट गेम मोजतात. मग मनासारखी तयारी करताच येत नाही, हात छातीशी धरून चोरून मारावं लागतं. एकदा झालं तर सोडून द्या. पाचात दोनदा झालं तर तो गेम घेऊ नका, अपडेटने सुधारेल या आशेवर तर नकोच.

चौथीला वीस मिनिटं लागतात आणि दुकानदार कंटाळतो, पण घ्याच. तलवारबाजी किंवा तिरंदाजीसारखा सतत दिशा लागणारा खेळ सलग खेळा. मग रिमोट टीव्हीच्या मधोमध सरळ धरा. पडद्यावरची तलवार वाकडी दिसली तर केंद्र सरकलंय. जायरोचा हा स्वभावच आहे, बारीक चुका साठत जातात. प्रश्न इतकाच की केंद्र परत लावायला खेळता खेळता एक बटण पुरतं, की खेळ थांबवून मेनूत शिरावं लागतं. दुसरं असेल तर चार पाहुण्यांसमोर दर पाच मिनिटांनी डाव थांबेल. स्विचवर फारच सरकत असेल तर सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या विभागात जाऊन मोशन कॅलिब्रेट करा, म्हणजे सेन्सर नव्याने जुळवून घ्या. जॉय-कॉन सपाट टेबलावर ठेवून, हातात धरून नाही.

आता सगळ्यांना फसवणारी गोष्ट: उशीर. फटका मारला आणि पडद्यावर तो मागाहून दिसला की लोक गेमला शिव्या घालतात. निम्म्या वेळा दोष टीव्हीचा असतो. नवे टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतात. सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या, खेळात एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची असते. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले की सहा फ्रेम गेल्या, आणि बॅडमिंटनचं शटल तोवर खाली पडलेलं असतं. दोष कुणाचा हे असं शोधा: मेनूमध्ये नुसतं बटण दाबा. बटणही उशिरा लागत असेल तर टीव्ही दोषी. बटण चटकन लागतंय आणि फटकाच उशिरा येतोय, तर गेम किंवा रिमोट. स्विच असेल तर आणखी सोपं: कन्सोल टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून काढून त्याच्याच पडद्यावर खेळून बघा. तिथे नीट आणि टीव्हीवर मंद, म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावायचा राहिलाय. तो लावल्यावर फरक पडला नाही तर गेमचा विचार सोडा, तुमच्या टीव्हीवर तो चांगला चालणार नाही. आवाज ब्लूटूथ साउंडबारवर टाकला असेल तर तोही काढून बघा. चेंडू लागल्याचा 'टक' मागाहून आला की हातही चुकतो. म्हणूनच दुकानातल्या टीव्हीवर पास झालेला गेम घरच्या टीव्हीवर तपासल्याशिवाय पक्का समजू नका. परत करण्याची मुदत किती दिवस, हे बिलावर लिहून घ्या.

कॅमेरावाल्या प्रकारांत वैरी म्हणजे ऊन. किनेक्ट इन्फ्रारेडवर बघतो, आणि पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन खोलीत आलं की त्याला माणूस नीट दिसत नाही. वीच्या रिमोटचाही डोळा इन्फ्रारेडचाच असतो. टीव्हीवर ठेवायची ती 'सेन्सर बार' म्हणजे खरं तर दोन टोकांचे दिवे, बघण्याचं काम रिमोट करतो. त्यामुळे टीव्हीशेजारीच देव्हारा असेल तर समईची ज्योतही रिमोटला दिवा वाटते आणि पडद्यावरचा बाण भरकटतो. रिमोट बिघडलेला नसतो. संध्याकाळचा दिवा लावायचा की बोलिंग खेळायचं, हे घरातल्या ज्येष्ठांशी ठरवा.

जुना माल घेणार असाल तर एवढं तपासा. वीचा मूळ अॅडाप्टर अमेरिकेचा किंवा जपानचा असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला की जळतो, मागचा छाप वाचा. स्विचचा मूळ अॅडाप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्याला फक्त पिन बदलायची. वीच्या डिस्क प्रदेशानुसार बांधलेल्या असतात, एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या कन्सोलवर चालत नाही. स्विचला ती अडचण नाही. रिमोटचं सेलचं झाकण उघडा. आत पांढरी-हिरवी पूड दिसली तर सेल फुटलेला आहे. जॉय-कॉनची अंगठ्याने फिरवायची दांडी हात न लावता सरकते का ते सेटिंगमधल्या दांडीच्या कॅलिब्रेशनमध्ये दिसतं: ठिपका मध्यावर स्थिर हवा. दांडी बदलता येते, पण जॉय-कॉनच्या मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, साध्या पेचकसाने डोकी खराब होतात. दुरुस्ती करणाऱ्याकडे तो पेचकस आहे का, हे आधी विचारा. किनेक्ट बनवणं २०१७ मध्ये बंद झालं. जुन्या जाड एक्सबॉक्स ३६० ला तो जोडायला वेगळा पॉवर अॅडाप्टर लागतो, आणि विकणारा नेमका तोच हरवून बसलेला असतो.

स्विच लाइट घेऊ नका. तो टीव्हीला जोडत नाही आणि त्याचे जॉय-कॉन निघत नाहीत. स्विच २ वर स्विच स्पोर्ट्स चालतो, पण सॉकरसाठी जॉय-कॉन मांडीला बांधायच्या पायाच्या पट्ट्यात नवे जॉय-कॉन बसत नाहीत, जुने लागतात. आणि जुने तिथे अडकवून चार्ज होत नाहीत.

मग हात मोजा. स्विचच्या खोक्यात जॉय-कॉनची एक जोडी येते, म्हणजे बहुतेक खेळांत दोघं. चौघांना आणखी एक जोडी, तिचा खर्च गेमच्या किमतीत धरा. दोन तलवारींच्या प्रकारात एकालाच दोन्ही लागतात. बोलिंगमध्ये मात्र एकच रिमोट हातोहात फिरवून भागतं. मनगटाचा पट्टा प्रत्येकाला, न चुकता. वीच्या पहिल्या पट्ट्यांच्या दोऱ्या तुटायला लागल्यावर कंपनीला जाड दोऱ्यांचे पट्टे बदलून द्यावे लागले होते. जॉय-कॉनची पट्टी चढवताना तिच्यावरचं अधिक-उणे चिन्ह रिमोटवरच्या चिन्हाशी जुळवा. उलटी सरकवली की अडकून बसते आणि ओढाओढीत खाच खराब होते.

शेवटचा कौल तीन संध्याकाळींचा. उसना मिळाला तर सलग तीन दिवस घरात ठेवा. पहिली संध्याकाळ धरू नका, ती नवलाईची. तिसऱ्या दिवशी तुम्ही काही न बोलता घरातलं दुसरं कुणीतरी टीव्ही लावून 'चला की' म्हणालं, तर घ्या. तुम्हीच बोलवायला लागलात तर नको. उन्हाळी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात तर घेऊच नका, तेव्हा पोरांना काहीही आवडतं.

घ्यायचं ठरलं तर डाउनलोड न करता कार्ट्रिजचं खोकं घ्या. स्विच स्पोर्ट्सचा पायाचा पट्टा खोक्यासोबतच येतो, डाउनलोडसोबत नाही. आणि दिवाळीत आणलेला गेम संक्रांतीच्या गड्डा जत्रेपर्यंत कपाटात गेलाच, तर कार्ट्रिज विकता येतं.